रीळ पाच, तुकडा तीन

"कोण गेलं?" माएस्त्रोंनी हेडफोन कानावरून खाली ओढत विचारलं.

स्टुडिओतल्या काचेपलीकडे वादक होते, अलीकडे आम्ही चौघं बसलो होतो: दिग्दर्शक, चित्राचा संकलक, ध्वनिमुद्रण करणारा इंजिनीअर आणि मी. कुणालाच प्रश्न कळला नाही. पडद्यावर तर वाढदिवस चालला होता. पंधरा वर्षांची मुलगी, फुगलेला गुलाबी झगा, वडिलांबरोबर नाच.

"नाही, म्हणजे गाणं ऐकून विचारतोय," ते म्हणाले. "हे 'लास गोलोंद्रिनास'. कुणी गाव सोडून चाललं, कुणी निवृत्त झालं किंवा वारलं की आम्ही हे वाजवतो. पोरीच्या वाढदिवसाला कोण वाजवतंय?"

ते गाणं मी लावलं होतं.

पुण्यात एखाद्याच्या बारशाला वैकुंठरथावरची धून लावली तर काय होईल, तेवढंच मी केलं होतं. फरक इतकाच, की इथे ती चूक महिनाभर रोज ऐकूनही कुणाच्या लक्षात आली नव्हती. लायब्ररीच्या 'मेक्सिको' नावाच्या कप्प्यात शोधताना मला ते सापडलं, गोड वाटलं, थोडं उदास वाटलं, पुढे गोळीबार आहे म्हणून उदासच बरं असा विचार केला आणि चिकटवून मोकळी झाले. १८६२ च्या सुमाराची चाल, म्हणजे हक्कांचा प्रश्न नाही, निर्मात्याला फुकट. याहून जास्त चौकशी मी केली नव्हती.

मी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बरबँकमध्ये म्युझिक एडिटर आहे. आई अजूनही विचारते, "म्हणजे गाणी तू लिहितेस?" नाही. चित्रपटाचं संकलन चालू असतं तेव्हा त्याचं खरं संगीत तयार नसतं. तोवर दुसऱ्यांचं संगीत उसनं आणून दृश्यांखाली घालतात, त्याला टेम्प म्हणतात. ते शोधायचं, कापायचं, बसवायचं, पुढे खरं संगीत आलं की त्याची जागा करून द्यायची, हे माझं काम. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. ५एम३ म्हणजे पाचव्या रिळातला संगीताचा तिसरा तुकडा. रिळं कधीच गेली, क्रमांक राहिले.

ही फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. जानेवारीतल्या आगी विझल्या होत्या, पण स्टुडिओच्या एसीतून सकाळी अजून जळकट वास यायचा. चित्रपट अमली पदार्थांच्या टोळ्यांचा. नाव सांगत नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही असे दहा पाहिले असतील. मेक्सिकोतलं गाव चित्रित झालं होतं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. अमेरिकेतली दृश्यं निळसर, मेक्सिकोतली सगळी हळद लावल्यासारखी. ही हळदही उसनी. २००० सालच्या 'ट्रॅफिक'मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने मेक्सिकोचा भाग असा पिवळा-तपकिरी केला, त्याला तिथे काहीतरी कारण होतं. नंतरच्यांनी फक्त रंग उचलला.

५एम३ एकूण १ मिनिट ४८ सेकंदांचा. चौकात मांडव, कोपऱ्यात मारियाची, म्हणजे समारंभात वाजवणारे मेक्सिकन वादक, आणि बापलेकीचा नाच. शेहेचाळीसाव्या सेकंदाला तीन पिकअप गाड्या येतात. मग मिनिटभर जे व्हायचं ते होतं. चित्रपटाचा संगीतकार युरोपात बसून पार्श्वसंगीत लिहीत होता, पण पडद्यावर कुणी वाजवताना दिसतंय ते संगीत माझ्या गळ्यात होतं. म्हणून पाच वादक बोलावले. दोन व्हायोलिन, एक विहुएला म्हणजे छोटी गिटार, एक ट्रंपेट आणि गिटारॉन. गिटारॉन म्हणजे मोठ्या पोटाची, सहा तारांची खर्जाची गिटार. दोन तारा एकदम ओढाव्या लागतात, एकाच स्वराच्या, वरच्या आणि खालच्या सप्तकातल्या. ती वाजवणाऱ्याच्या बोटांशी हस्तांदोलन केलं की कळतं.

गिटारॉनवाले ते माएस्त्रो. साठीच्या पुढचे, मूळचे हालिस्को राज्यातले, चाळीस वर्षं लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये. तिथल्या मारियाची प्लाझात वादक चारो हा भरजरी पोशाख घालून गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात, त्यांतले. मला पहिल्या तासातच 'मीहा' म्हणायला लागले. मीहा म्हणजे पोरी, बाळ. गिटारॉनची पेटी दारातून आत आणताना आमच्या संकलकाने विनोद केला, "मशीनगन नाही ना?" माएस्त्रो हसले. नंतर मला म्हणाले, "१९९२ पासून ऐकतोय." त्या साली रॉबर्ट रॉड्रिगेझने सात हजार डॉलरमध्ये 'एल मारियाची' काढला, गिटारीच्या पेटीत बंदुका. "तो तर आमचाच पोरगा, टेक्ससचा. चित्रपट मला आवडतो. पण विमानतळावर मला थांबवतात ना."

तर, गोलोंद्रिनास. माझी चूक उघडी पडली, मी माफी मागितली, म्हटलं बदलते. तोवर दिग्दर्शक खुर्चीतून उठला होता. डोळे चमकत होते.

"मृत्यूचं गाणं? वाढदिवसाला? मग हेच ठेवू या! जे येणार आहे ते संगीताला आधीच माहीत आहे!"

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. सभ्य, कष्टाळू, सेटवर कुणावर ओरडत नसे. पण त्याला असं काही सुचलं की पुढचं ऐकू येत नसे. माएस्त्रो शांतपणे म्हणाले, "साहेब, संगीताला माहीत असेल. पण मांडवात बाप आहे ना. तो येऊन आमच्या कानाखाली वाजवेल."

यावर ट्रंपेटवाली फिस्सकन हसली. पंचविशीतली, विद्यापीठात मारियाची शिकलेली. इथे यूसीएलएमध्ये १९६१ पासून मारियाची वाजवतात, हे मला तिच्याकडून कळलं. त्या आठवड्यात ऑस्करची चर्चा होती. फ्रेंच दिग्दर्शक, बहुतेक चित्रीकरण पॅरिसच्या स्टुडिओत, गाणी फ्रेंच जोडीने लिहिलेली, आणि विषय मेक्सिकोतले टोळीवाले व बेपत्ता माणसं: त्या 'एमिलिया पेरेझ'ला १३ नामांकनं होती आणि मेक्सिकोत लोक चिडले होते. ट्रंपेटवालीने सुट्टीत फोनवर त्याला मिळालेलं मेक्सिकन उत्तर दाखवलं, 'जोआन साक्रेब्लू' नावाचा छोटा चित्रपट. फ्रान्सबद्दल, पण सगळा मेक्सिकोत केलेला. मिशा पेनाने काढलेल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर बेरे, हातात लांब पाव. आम्ही हसून हसून वाकलो. फक्त दिग्दर्शक थोडा कमी हसला.

दुपारी ट्रंपेटचा विषय निघाला. गोळीबारावर दिग्दर्शकाला 'तो' ट्रंपेट हवा होता. एकटा, लांबून येणारा, मरणाचा. "खास मेक्सिकन," तो म्हणाला. टेम्पमध्ये तसलाच एक लावलेला होता. ट्रंपेटवालीने चार सूर हुबेहूब वाजवून दाखवले आणि विचारलं, "हा? पण हा आमचा नाहीये."

इथे मला बोलावं लागलं, कारण ही आमच्याच धंद्यातली गोष्ट. टेम्पचं वेड कुठवर जातं हे नव्या पोरांना समजावताना मी नेहमी सांगते. १८३६ मध्ये टेक्ससमधल्या आलामो किल्ल्याच्या वेढ्यात मेक्सिकोच्या सेनापती सांता आनाच्या फौजेने 'देगुएयो' ही बिगुलाची धून वाजवली असं सांगतात. देगुएयो म्हणजे गळा चिरणं, कुणाला जिवंत सोडणार नाही असा इशारा. १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो'मध्ये ती लागणार होती. पण संगीतकार दिमित्री टियोमकिनने मूळ धून बाजूला ठेवून त्याच नावाची नवीनच रचली, ट्रंपेटवर. पुढच्या वर्षी खुद्द आलामोवरच्या चित्रपटातही तीच. टियोमकिन जन्मला युक्रेनमधल्या क्रेमेन्चुकला, शिकला सेंट पीटर्सबर्गला. मग १९६४ मध्ये दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'च्या शेवटच्या झुंजीखाली टेम्प म्हणून ती लावली, आणि टेम्प लावल्यावर दिग्दर्शकाचं जे होतं ते त्याचं झालं. प्रेमात पडला. तीच हवी म्हणाला. संगीतकार एन्निओ मोरिकोने अडून बसला, आणि शेवटी आपल्याच एका जुन्या अंगाईला ट्रंपेटचा साज चढवून त्याने लिओनेचं समाधान केलं. चित्रीकरण स्पेनमध्ये.

"म्हणजे मेक्सिकन मरणाचा सूर युक्रेनच्या माणसाने बांधला, रोमच्या माणसाने गाजवला आणि तो स्पेनमध्ये वाजला," मी म्हणाले. स्वतःवर जरा खूषच होते. सकाळी ज्या बाईने वाढदिवसाला मर्तिकाचं गाणं लावलं, तिने दुपारी व्याख्यान द्यावं, हे खरं तर हास्यास्पद होतं. माएस्त्रोंनी ते दाखवून दिलं नाही, एवढीच त्यांची मेहेरबानी.

"बरं, मग खरं मेक्सिकन काय वाजवाल?" दिग्दर्शकाने विचारलं. त्याने खुल्या मनाने विचारलं होतं.

"वॉल्ट्झ," माएस्त्रो म्हणाले. "पंधराव्या वाढदिवसाला बाप मुलीला घेऊन वॉल्ट्झच नाचतो." आणि त्यांनी खूण केली. गिटारॉनवर पहिली मात्रा, विहुएलावर दुसरी-तिसरी, छन-छन, आणि वरून दोन व्हायोलिनं. दोन ओळी झाल्या असतील, दिग्दर्शक हात हलवायला लागला.

"नाही नाही. हे तर व्हिएन्ना! हे मला माहितीये, सर्कशीत झोपाळ्यावरच्या कसरतींना वाजतं ते. स्ट्रॉस!"

"'सोब्रे लास ओलास'," माएस्त्रो म्हणाले. "लाटांवर. हुवेंतिनो रोसास. ग्वानाह्वातोचा. जातीने ओतोमी."

मीही ते इतकी वर्षं व्हिएन्नाचंच समजत होते. १८८८ मध्ये छापलेलं, मेक्सिकोतल्या मूलवासी घरात जन्मलेल्या, रस्त्यावर व्हायोलिन वाजवून वाढलेल्या पोराने लिहिलेलं. तो १८९४ मध्ये क्यूबात वारला, सव्वीस वर्षांचा. चाल जगभर गेली, नाव मागे राहिलं. एकाच दुपारी, एकाच खोलीत, युक्रेनचा ट्रंपेट मेक्सिकन ठरला होता आणि मेक्सिकोचा वॉल्ट्झ ऑस्ट्रियन.

दिग्दर्शक हसला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "ठीक, मान्य. पण प्रेक्षक तुमच्याकडे विचारायला येणार नाहीत. त्यांना सर्कसच ऐकू येणार." यावर उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एका चित्रपटाच्या आवाक्यातलं नव्हतं. १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असले अपमानकारक चित्रपट काढणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना बंदी घालून पाहिली होती. त्या काळी मूकपटांतला मेक्सिकन म्हणजे तेलकट केसांचा सुरेबाज. आज त्याच्याकडे फोन असतो.

चार वाजता कॉफी प्यायला आम्ही बाहेर पार्किंगमध्ये उभे होतो. माएस्त्रोंनी मला विचारलं, "मीहा, तुमच्याकडे चित्रपटात माणसं मारतात तेव्हा काय वाजवतात?"

मी परदेशी चित्रपटांतल्या सतारीबद्दल सांगायला तोंड उघडलं. विमान मुंबईला उतरलं की सतार, बाजार आला की तबला. मग थांबले, कारण तो प्रामाणिक जबाब नव्हता. तसली सतार मी स्वतः दोनदा लावली आहे, पैसे घेऊन. आणि त्यांनी विचारलं होतं तुमच्याकडे, म्हणजे आमच्या चित्रपटांत. मला १९९८ चा 'सत्या' आठवला. चौपाटीवर गणपती विसर्जन, गुलाल, ढोल-ताशे, आणि त्या गर्दीत भाऊ ठाकुरदासला भोसकतात. मी पुण्यात पाच वर्षं पथकात ढोल वाजवला आहे. ताशाची तर्री उठते तेव्हा पोटात काय होतं मला माहीत आहे. आणि तो प्रसंग पाहताना मला राग आला नव्हता, अंगावर काटा आला होता. हिंदी चित्रपटातला मराठी माणूस म्हणजे हवालदार, कामवाली नाहीतर भाई, यावर आम्ही मैत्रिणी तासन्‌तास चिडायचो. पण विसर्जनातला खून आम्हाला आवडायचा.

हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "ढोलवाले थांबतात का? खून झाल्यावर?"

"नाही. त्यांना कळतच नाही. ते वाजवत राहतात."

"हां," ते म्हणाले. "आतल्या त्या चित्रात वादक थांबतात. गोळी सुटली की वाद्यं टाकून पळतात. ते चूक आहे."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांना विचारून इथे लिहितेय. गावाचं नाव नको म्हणाले. तरुणपणी, अमेरिकेत यायच्या आधी, एका रँचवर लग्नात वाजवत होते. बाहेरून माणसं आली, दोघांना ओढत नेलं, कुंपणापलीकडे आवाज झाले. मारियाची थांबले. आलेल्या माणसांतला एक जण परत आला, टेबलावर बंदूक ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "कोणी सांगितलं थांबायला?" पहाटेपर्यंत वाजवलं. त्याच्या फर्माइशी चालू होत्या. मध्येच एकदा त्याने चांगली टिपही दिली.

"आता माझा पुतण्या वाजवतो तिकडे," ते म्हणाले. "आमंत्रण आलं की आधी विचारतो, यजमान कोण. मग विचारतो, गावात कुठली गाणी चालत नाहीत. एका टोळीचा कोरिदो दुसरीच्या इलाख्यात वाजवला तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कोरिदो म्हणजे पोवाड्यासारखंच, घडलेलं सांगणारं गाणं. टोळीवाल्यांवर रचलेल्यांना नार्कोकोरिदो म्हणतात. चालिनो सांचेझ हा त्यातला मोठा गायक. १९९२ मध्ये कुलियाकानला भर कार्यक्रमात त्याच्या हातात चिठ्ठी आली. ती वाचताना त्याचा चेहरा कसा बदलतो ते चित्रफितीत दिसतं. तो पुढचं गाणं गायला. सकाळी त्याचं प्रेत सापडलं. आणि जानेवारी २०१३ मध्ये नुएवो लेओन राज्यात 'कोंबो कोलोंबिया' या बँडची माणसं खाजगी कार्यक्रमातून पळवली गेली, सतरा जणांचे मृतदेह विहिरीतून निघाले. चित्रपटात मारियाची म्हणजे दृश्याची सजावट. इथे माझ्यासमोर कागदी कपात कॉफी पिणाऱ्या माणसाच्या लेखी प्रश्न साधा होता: आजच्या ठिकाणी काय वाजवायचं आणि कधी थांबायचं.

आत येऊन मी दिग्दर्शकाला एवढंच म्हटलं, की एक टेक न थांबता घेऊ या, वॉल्ट्झचाच, वापरायचा की नाही ते नंतर बघू. वेळ शिल्लक होता, तो हो म्हणाला. माएस्त्रोंनी दोन अटी घातल्या. कानात लयीचा ठोका नको आणि समोरचा पडदा बंद. मला विचारलं, "गाड्या कितव्या सेकंदाला येतात?" शेहेचाळीस, मी म्हटलं. त्यांनी इतर चौघांशी स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलून घेतली.

पहिलं पाऊण मिनिट नुसतं सुंदर होतं. बापाने मुलीला गिरकी द्यावी असं. मग काहीच बदललं नाही, असं मला वाटलं. सूर तेच, कुणी दचकलं नाही, कुणी जोर केला नाही. पण माझ्या संगणकावरच्या आवाजाच्या आलेखाकडे माझी नजर होती आणि तिथे गिटारॉनची पहिली मात्रा दर वेळी थोडी उशिरा पडत होती. केसभर, मग दोन केस. बाकीचे चौघं त्यांच्यामागे तितकेच रेंगाळत होते. १ मिनिट ४८ ला मी थांबायची खूण करायला विसरले. ते आणखी बराच वेळ वाजवत राहिले.

"तुम्ही लय मुद्दाम उतरवलीत," मी नंतर म्हणाले.

"घाईने वाजवलं की गाणं लवकर संपतं," माएस्त्रो गिटारॉन पुसत म्हणाले. "संपलं की ते तुमच्याकडे बघतात."

नेहमीप्रमाणे मी असा टेक ठोक्यावर ओढून सरळ केला असता, दहा मिनिटांचं काम. तसाच ठेवला.

दीड महिन्याने अंतिम मिश्रण. गोळीबारावर दिग्दर्शकाचा ट्रंपेट आला, तोच, एकटा आणि लांबून येणारा. आमच्या ट्रंपेटवालीनेच वाजवला, उत्तम वाजवला, त्याचे पैसे घेतले. खाली युरोपातून आलेला गंभीर घुमारा. व्हायोलिनं सर्कशीसारखी वाटतात म्हणून नाच सुरू झाल्यावर अकरा सेकंदांनी विरवून टाकली. विहुएला गेली. मी एकेक वाद्य बंद करत होते तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "थांब. ते खालचं काय आहे? ते राहू दे. काळजाच्या ठोक्यांसारखं वाटतंय."

ते गिटारॉन होतं. वॉल्ट्झची फक्त पहिली मात्रा. नाचाखाली, गाड्यांखाली, ट्रंपेटखाली, गोळ्यांखाली, शेवटपर्यंत, उशिरा उशिरा पडत जाणारी. मी काही बोलले नाही.

शेवटी क्यू शीट भरायचं असतं. प्रत्येक तुकड्यात कोणाची रचना, कोणाची मांडणी, किती वेळ वाजली. माझा मदतनीस टाइप करत होता. ५एम३, 'सोब्रे लास ओलास', रचना हुवेंतिनो रोसास, मांडणीच्या रकान्यात माएस्त्रोंचं पूर्ण नाव, दोन्ही आडनावांसकट.

"कालावधी अकरा सेकंद ना?" त्याने विचारलं.

"१ मिनिट ४८," मी म्हणाले.